वळ नसलेले हात

जेल क्वार्टर्स
३ जून

खारे,

तुझ्या मामाच्या कपाळाला चार टाके पडले आहेत. तुला कळवायचं नाही असं तुझ्या आईने बजावलंय, म्हणून पहिल्याच ओळीत कळवतो. शनिवारी जेवणाच्या रांगेत दोन बराकींची जुंपली आणि पत्र्याची ताटं उडायला लागली. एक माझ्या कपाळावर बसलं, एक हवालदाराच्या जबड्यावर. त्याचे तीन दात फरशीवर पडले. तो ते शोधत खाली वाकला, तर कोणीतरी त्याच्या तोंडावरच लाथ घातली. मग आम्ही आत शिरलो आणि पंधरा मिनिटांत सगळ्यांना सुतासारखं सरळ केलं. कसं केलं ते विचारू नकोस. तू मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट झालीस तरी माझ्या लेखी अजून दोन वेण्यांचीच आहेस.

आता कामाचं बोलतो. त्या दिवसापासून एक कैदी उजवा हात गळ्यात बांधून फिरतोय. मनगटाखाली हात मेलाय म्हणतो, सुई टोचली तरी कळत नाही म्हणतो. आमचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, चहा पितो आणि जातो. मला वाटतं, सुतारकामाच्या शेडमधून सुटका व्हावी म्हणून या पठ्ठ्याने सोंग घेतलंय. तुमच्या शास्त्रात सोंग पकडायची काही युक्ती असेल तर लिही. तुझा बाप गेल्यावर तुला इतकं शिकवलं, त्याचं काही चीज होऊ दे.

भोंग्या आठवण काढतो. जेलच्या गाडीतून तुला शाळेत सोडायचा त्याला किती वर्षं झाली! तरी तुझ्या शाळेवरून गाडी नेताना अजून दोनदा हॉर्न मारतो. तुझी आई ठीक आहे. मला दिवसभर बोलणी घालते, म्हणजे ठीकच असणार.

तुझा फुटक्या कपाळाचा
मामा


फिजिओथेरपी विभाग
९ जून

मामा,

टाके ओले करू नकोस, आणि मागच्यासारखे कात्री घेऊन स्वतः काढत बसू नकोस.

तुझं पत्र मी विभागात सगळ्यांना वाचून दाखवलं. जेलरसाहेब आपल्याला सल्ला विचारतात म्हटल्यावर माझा भाव एकदम वधारला. आता नीट लक्ष दे, शिकवणी घेते.

हातात मुख्य तीन नसा उतरतात. एक मनगट आणि अंगठा वर उचलते. दुसरी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल कडी करते. तिसरी बोटं फाकवते. त्याला या तीन गोष्टी एकामागून एक करायला सांग. मग अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये एक कागद धरायला दे आणि तो हळूच ओढ. तिसरी नस गेलेली असेल तर कागद धरून ठेवायला अंगठ्याचं टोक आपोआप वाकतं. सोंग करणाऱ्याला हे माहीत नसतं, त्यामुळे त्याचा अंगठा वाकत नाही, कागद नुसता सुटतो.

शेवटी अनामिका तपास. ते बोट अर्धं एका नसेचं आणि अर्धं दुसरीचं असतं. खरी इजा झालेला माणूस सांगतो, करंगळी आणि तिच्याकडची अनामिकेची अर्धी बाजू बधिर आहे. खोटा म्हणतो, मनगटापासून सगळा हात मेला. एका फटक्याने हातमोजा घातल्यासारख्या नसा मरत नाहीत, मामा.

पण घाई करू नकोस. मागच्या महिन्यात आमच्याकडे एक हमाल आला होता. चालत्या यंत्राच्या रुंद पट्ट्यात हात अडकून मागे वर ओढला गेला होता. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता. दोन डॉक्टरांनी त्याला कामचुकार ठरवून हाकलून दिलं. मी एकेक स्नायू तपासला तेव्हा कळलं, काखेतल्या नसांचा अख्खा जुडगा ताणला गेलाय. हात खांद्यापासून गेला होता. तेव्हा जरा दमानं घे.

आईला सांग, मी दोन वेळा जेवते.

खारू


जेल क्वार्टर्स
२० जून

खारे,

पकडला! कागद असा गळून पडला की विचारू नकोस. अनामिकेवर तर तो तीनदा अडखळला, एकदा ही बाजू म्हणाला, एकदा ती. मी म्हटलं, माझ्या भाचीने तुला सत्तर मैलांवरून ओळखलंय. बोबडीच वळली त्याची. त्यानंतर त्याला जे मिळायचं ते मिळालं. चार दिवस पालथा झोपत होता, आता रंधा मारतोय.

तुझ्या त्या हमालाचं मात्र डोक्यातून जात नाही. खरंच बाहेरून काही दिसलं नाही? किती दिवस? आणि तू नसतीस तर कोणाला कळलंच नसतं? सवडीने नीट लिही. म्हातारपणी मामाला शिकायची हौस आलीय असं समज.

मामा


फिजिओथेरपी विभाग
२७ जून

मामा,

आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरी तुझ्याइतके प्रश्न विचारत नाहीत. तुला माझ्या जागी बसवावं म्हणते.

होय, काही म्हणजे काही दिसलं नाही. पट्टा रुंद आणि मऊ होता. बारीक दोरी असती तर वळ उठला असता, कातडी कापली असती आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी विचारलं असतं. वळ दिसला की विचारतात. वळ नसला की माणूस खोटा ठरतो. एवढी साधी गोष्ट आहे आणि तिच्यामुळे त्याचा हात गेला. मी नसते तर कोणाला कळलं असतं की नाही, कोण जाणे. स्वतःचीच पाठ थोपटून घेतेय, हस खुशाल.

खारू


फिजिओथेरपी विभाग
२ नोव्हेंबर

मामा,

भोंगाकाका गेल्यापासून तुला लिहिलंच नाही. कागद घेतला की रडू येतं. कैद्यांना कोर्टात नेणाऱ्या गाडीवर जमाव धावून आला आणि पेटती बाटली नेमकी ड्रायव्हरच्याच खिडकीतून आत पडली. अकरा दिवस तो तसा भाजलेला जिवंत होता. मी एकदाच येऊ शकले. ज्याने बाटली फेकली त्याचं वाटोळं होवो, असं मी वॉर्डच्या दाराशी तुझ्यासमोरच म्हणाले होते.

आज वेगळ्याच कारणाने लिहितेय. तुमच्याकडून एक कैदी माझ्याकडे तपासायला आलाय. छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचा, म्हणून इथे सगळे त्याला खिळेवाला म्हणतात. त्या जमावात होता म्हणून पकडलेला. सोबतच्या कागदावर लिहिलंय, ‘वरच्या बाकड्यावरून पडला.’ सव्वा महिन्यात तुमच्याकडून आलेला हा तिसरा, आणि तिघेही वरच्या बाकड्यावरूनच पडलेत.

त्याचे दोन्ही हात नुसते लोंबत होते. शिपायाच्या बाहीवर जिथे फीत लावतात, तिथे कापूस फिरवला तर त्याला कळला नाही. मनगट उचलेना, कडी होईना, बोटं फाकेनात. मी त्याचे तळवे उचलून भिंतीवर टेकवले आणि ढकल म्हटलं, तर पाठीवरची दोन्ही खांद्याची पाती कपाटाची दारं उघडावीत तशी बाहेर आली. मग टेबलावर चावी, बटण, टाचणी आणि मुद्दाम मागवलेला छापखान्याचा एक खिळा ठेवला. त्याचे डोळे बांधले आणि एकेक वस्तू त्याच्या बोटांत दिली. खिळ्याला तो चावी म्हणाला. डोळे सोडल्यावर हातात काय होतं ते त्याला दिसलं आणि तो ओक्साबोक्शी रडला. वीस वर्षं तो हेच काम करत होता.

सोबतचा शिपाई म्हणाला, “नाटक करतो साला,” आणि त्याने खाडकन त्याच्या मुस्कटात मारली. मारणारा हात येताना दिसला की कोणीही स्वतःचा हात आडवा घालतो. याने फक्त डोळे मिटले. हात मांडीवर तसेच पडून राहिले. दुसरी बसली. ओठ फुटला, रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं आणि ते पुसायलाही हात उठला नाही. मी पुसलं. मग मी गुडघ्यावर ठोकायची रबरी हातोडी उगारून त्या शिपायाला बाहेर काढला. तुझा माणूस आहे, तक्रार करेल, ऐकून घे.

मामा, सोंग करणारा माणूस थप्पड येताना सोंग विसरतो. तुझ्या नाकाखाली कोणीतरी माणसांना हात मागे बांधून टांगतंय. अंगावर वळ नाही, म्हणजे काहीतरी मऊ वापरतात. तुला कल्पना नसणार म्हणून लिहिते. त्याच्या बायकोने कोर्टात अर्ज केलाय आणि चौकशी अधिकाऱ्यांनी माझा अहवाल १ डिसेंबरपर्यंत मागितलाय. त्याच्याआधी तू तो हरामखोर शोधून काढ, म्हणजे तुझ्यावर बालंट येणार नाही.

खारू


जेल क्वार्टर्स
८ नोव्हेंबर

खारे,

हातोडीचं ऐकून हसलो. आता माझं ऐक.

हा तुझा खिळेवाला साधासुधा नाही. बाटली कोणी फेकली ते त्याला पक्कं ठाऊक आहे. नाव विचारलं की मूग गिळून बसतो. भोंग्याचा हात मी हातात घेतला होता, त्या अकराव्या दिवशी. कातडी मोज्यासारखी माझ्या हातात निघून आली. तू दारातून पाहिलंस आणि पळालीस. मी आत बसलो होतो. त्याची बायको विचारत होती, “साहेब, कोणी केलं?” मी तिला काय सांगू?

तुझा अहवाल एका ओळीत होतो. ‘जुनी इजा, कारण सांगता येत नाही.’ खोटंही नाही, कारण तू इथे नव्हतीस. उजवा हात जास्त गेलाय, तोही त्याच्याच कर्माने. सारखे हिसके देत त्या अंगाला झुकायचा. त्याला कोण काय करणार? अशा माणसासाठी तू स्वतःच्या घराला आग लावू नकोस. तुझी आई या क्वार्टरमध्ये राहते, माझ्या नोकरीवर दोघांचं चालतं, हे मी सांगायला नको.

थंडी पडलीय. आईने तुझ्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय.

मामा


फिजिओथेरपी विभाग
१५ नोव्हेंबर

मामा,

उजवा हात जास्त गेलाय, हे मी तुला लिहिलं नव्हतं. पत्र पाठवण्याआधी मी नेहमी दोनदा वाचते. मी फक्त ‘दोन्ही हात’ लिहिलं होतं. तो कुठल्या अंगाला झुकत होता हे तिथे उभ्या असलेल्या माणसालाच माहीत असणार.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी खिळेवाल्याला विचारलं. शिपायाला दाराबाहेर बसवलं होतं. तो म्हणाला, “सुतारांच्या शेडमध्ये, आढ्याला. शिपायाने दोरी आणली होती. साहेबांनी ती फेकून दिली. खिशातून निळा कागद काढला, वाचला आणि म्हणाले, ब्लँकेट फाड, रुंद पट्ट्या कर. मग मागून वर ओढलं. खांद्यात कापड फाटल्यासारखा आवाज झाला. मी ओरडलो की शिपाई तोंडात बोळा कोंबायचा, आणि नाव सांगायला बोळा काढायचा. असं किती वेळा झालं मोजलं नाही. एकदा शुद्ध गेली तर पायाच्या नडगीवर फळी मारून उठवलं. साहेब स्टुलावर बसले होते. मला म्हणाले, हमालाला कोणी विचारलं नाही, तुलाही कोणी विचारणार नाही.”

मग त्याने मला विचारलं, “ताई, हमाल कोण?”

 मी टेबलावरचा माझा निळ्या कागदांचा गठ्ठा पालथा करून ठेवला. निळ्या कागदावर मी लिहिते. रुंद पट्टा मी लिहिला होता. वळ नसला की माणूस खोटा ठरतो, हेही मीच मोठ्या तोऱ्यात तुला लिहिलं होतं. मला वाटलं, मामाला भाचीचं कौतुक वाटतंय.

आता नुसतं तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दलही एक सांगते. मी त्याला विचारलं, बाटली कोणी फेकली? तो म्हणाला, “मी नाही फेकली. कोणी फेकली ते ठाऊक आहे. सांगणार नाही.” मामा, माझ्या डोळ्यांसमोर भोंगाकाका आला आणि माझा हात वर गेला. खरंच गेला. त्याने डोळे मिटून घेतले. तो हात मी कसा खाली आणला ते माझं मला माहीत. तेव्हा तुला आतून काय झालं असेल ते मला कळत नाही असं समजू नकोस. पण मी हात खाली आणला. तू स्टूल ओढून बसलास.

अहवालात मी खरं लिहिणार आहे. त्याआधी तू स्वतः जाऊन चौकशी अधिकाऱ्यांना सांग. पाया पडते तुझ्या, तू सांग. मी तुझ्याबरोबर येते, तुझ्या बाजूला उभी राहते, माझ्या पत्रांचंही मीच सांगते. पण दोघांपैकी एकाने तरी आधी सांगायलाच हवं.

खारू


जेल क्वार्टर्स
२० नोव्हेंबर

खारे,

पाया पडू नकोस, पाय ओढतेस.

तू मला शिकवायला निघालीस? कोणाच्या घरात वाढलीस? तुझ्या बापाला जाऊन महिना झाला नव्हता तेव्हा तुम्हा दोघींना या दारात कोणी घेतलं? तुझे दोन हात शाबूत आहेत, लिहायला-वाचायला शिकलेत, ते कोणामुळे? आणि त्याच हातांनी माझा गळा धरतेस?

ऐकून ठेव. तुझी दोन्ही पत्रं माझ्या खणात आहेत. निळी. ९ जून आणि २७ जून. पट्टा रुंद हवा, मऊ हवा, दोरी नको, सगळं तुझ्या सुवाच्य अक्षरात. मी बुडालो तर गुरूला घेऊन बुडेन. कोर्टात विचारतील, जेलर अडाणी, त्याला नसा कोणी शिकवल्या? तेव्हा उभी राहा आणि सांग. बघू कोण तुला हॉस्पिटलात ठेवतं.

त्या खिळेवाल्याला मी काय केलं? माझ्या माणसाला जाळलं त्याच्या एक शतांशही केलं नाही. मला विचारशील तर अजून झालं नाही. तो इथे परत येणारच आहे, तुझा वॉर्ड काही त्याचं सासर नाही. तेव्हा बघतो त्याच्याकडे.

येत्या रविवारी मी येतोय. माझी सगळी पत्रं काढून ठेव, ८ तारखेचं तर वरच ठेव. अहवाल माझ्यासमोर लिहायचा. शहाण्यासारखी वाग. माझा हात तुला लहानपणी कधी लागला नाही, तो आता लागायला लावू नकोस.

मामा


खोली
२९ नोव्हेंबर

मामा,

हे डाव्या हाताने लिहितेय. अक्षर लागत नसेल तर हळू वाच.

तू आलास त्याच्या आदल्या दिवशी मी अहवाल दिला होता. तुझी पत्रं त्याच्याबरोबर दिली होती. तू माझी ट्रंक फरशीवर उलटी केलीस, गादी फाडलीस, तेव्हा ती या खोलीत नव्हतीच. मी तुला ते सांगत होते. तुला ऐकू येत नव्हतं.

हात पाठीमागे पिरगळलास तेव्हा मी ओरडले, ते शेजारची भाडेकरीण ऐकत होती. मग तू दंड कॉटच्या लोखंडी कडेवर आपटलास. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा आवाज झाला तो हाडाचा नव्हता, कॉटचा होता, पण तू घाबरलास आणि सोडलंस. टोपी विसरून गेलास. ती पुरावा म्हणून दिली आहे.

फरशीवर पडल्या पडल्या मी स्वतःला तपासलं. दुसरं काही सुचेना. ते असं आहे.

कोपर सरळ करणे: होतं, पूर्ण ताकद. मनगट वर उचलणे: नाही. अंगठा वर उचलणे: नाही. बोटं मुळापासून सरळ करणे: नाही. कडी: होते. बोटं फाकवणे: होतं, मनगट टेबलावर टेकवलं तर. अंगठा आणि तर्जनीच्या मधली मागची जागा: बधिर. वळ: आहे. दंडाच्या मध्यावर, चार बोटं रुंद, जांभळा.

म्हणजे पहिली नस, दंडाच्या मध्यावर. तुटली नसेल, चेपली असेल तर तीन-चार महिन्यांत मनगट उचलायला लागेल. तुटली असेल तर नाही. आज सांगता येत नाही.

हेही मी लिहून दिलं. तपासणी करणारी, मी. इजा करणारा, माझा मामा.

अहवालात एक कलम माझ्यावर आहे. वळ उठू न देता हात कसा निकामी होतो हे जेलरला मी पत्राने लिहिलं, हे मी सांगून टाकलंय. ती पत्रं तुझ्या खणात आहेत असंही सांगितलंय. तू मला घेऊन बुडणार होतास ना? मी आधीच उडी मारलीय. माझी नोकरी सध्या बंद आहे. खिळेवाल्याला तुमच्याकडे परत पाठवायचं नाही, असा हुकूम काल निघाला. मला एवढंच हवं होतं. ते मिळालं.

त्याचे हात परत येतील की नाही माहीत नाही. आज उजवी तर्जनी किंचित हलली असं त्याची बायको म्हणाली. मी गेले, पाहिलं. हलली नव्हती. मी तिला हलली म्हणाले.

हात फार दुखतोय. तुझ्यासाठी रडते आहे की हातासाठी, ते मला समजत नाही.

खारू


जेल क्वार्टर्स
६ डिसेंबर

खारू बाळा,

तुझं पत्र मामाच्या नावाने आलं तेव्हा तो ड्यूटीवर होता. पाकिटावरचं वाकडंतिकडं अक्षर ओळखू आलं नाही, कोणा कैद्याच्या घरचं असेल, काही अडचण असेल म्हणून मी फोडलं. दुसऱ्या ओळीला मला खाली बसावं लागलं. तो रविवारी परत आला तेव्हा मी तुझ्याबद्दल विचारलं होतं. “मजेत आहे, भेटली, जेवलो बरोबर,” म्हणाला. मी त्याला गरम पाणी काढून दिलं गं, हातपाय धुवायला.

माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान तो. आमची आई आजारी असायची, मीच त्याला कडेवर घेऊन फिरायचे. मारकुटा तो लहानपणापासूनच. शाळेत पोरांची डोकी फोडून यायचा आणि मी शेजाऱ्यांना सांगायचे, तो नव्हताच तिथे. मग भोंग्या गेला आणि तो शेडमधून उशिरा यायला लागला. बाह्या दुमडलेल्या असायच्या. मी काही विचारलं नाही. बाळा, मी या घरात राहते आणि शेडमधल्या आरोळ्या या खिडकीत ऐकू येतात. मी खिडकी लावून घ्यायचे. तू तुझ्यावर एक कलम घेतलंस, तसं माझ्यावरही असायला हवं.

तो घरी आल्यावर मी पत्र त्याच्यासमोर ठेवलं. त्याने ते वाचलं, आरसा फोडला, आणि खणातून ती निळी पत्रं काढून माझ्या अंगावर फेकली. “जाळ आत्ताच्या आत्ता,” म्हणाला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. मी शेगडी पेटवली. फळीवर अंथरलेला निळा कागद ओढून काढला आणि तो जाळला. आत येऊन त्याने राख पाहिली, समाधान झालं त्याचं. तुझी पत्रं मी पिठाच्या डब्यात खाली घातली होती.

काल चौकशीवाले आले. घर उलथंपालथं केलं, काही मिळालं नाही. तो निवांत उभा होता. साहेब निघाले, दाराशी पोचले, तेव्हा मी डबा ओट्यावर पालथा केला. ती पत्रं मी झटकली आणि त्यांच्या हातात दिली. माझ्या एका हातून माझा भाऊ जातोय आणि त्याच हातून माझी मुलगीही, हे मला देताना कळत होतं. ते कळून दिलं. खोटं बोलायची मला इतक्या वर्षांची सवय आहे, अजून एकदा बोलायला जमलं असतं.

त्याने मला जोरात ढकललं. कंबर ओट्यावर आपटली, ती दुखते आहे, पण चालता येतं. दोघांनी त्याला धरून नेलं. गाडीत बसताना मला ताई म्हणाला. एवढंच.

क्वार्टर शनिवारपर्यंत रिकामं करायला सांगितलंय. तुझ्या खोलीत एकच कॉट आहे आणि गादी फाटलेली आहे, ते वाचलं. मला जमिनीवर चालेल. तुझा हात मी चोळून देईन, तू सांगशील तसा. पण मी आलेली तुला चालेल का, हे विचारायची लाज वाटते, कारण तुझ्याविरुद्धचा कागद मीच दिला आणि त्या खिडक्याही मीच लावल्या.

मोठं पत्र लिहू नकोस, हाताला त्रास होईल. कागदावर नुसतं ‘ये’ लिही. एकच अक्षर आहे, डाव्या हाताने जमेल.

तुझी
आई